फी खरी, फायदे कागदावरचे

‘वर्षाला चौदा हजार भरा आणि पन्नास हजारांचे फायदे घ्या’, असा हिशेब मांडणारे लोक आता जालन्यातही भेटतात. बँकेचा प्रतिनिधी औद्योगिक वसाहतीतल्या सळईच्या कारखानदारासमोर बसून तो मांडतो, बियाण्यांच्या विक्रेत्याला दुकानात गाठून मांडतो. पुण्यात नोकरी करणारा मुलगा दिवाळीला घरी आला की वडिलांनाही तेच पटवून देतो. हिशेब ऐकताना चोख वाटतो, म्हणूनच त्याला उत्तर दिले पाहिजे. माझे म्हणणे सरळ आहे. जालना जिल्ह्यात राहून इथेच कमावणाऱ्या बहुतेक कुटुंबांची ही फी प्रवासाच्या सवलतींतून वसूल होत नाही, आणि ती वसूल करण्याच्या नादात आणखी पैसे जातात.

आधी समोरच्या बाजूचे म्हणणे पुरते मांडू. एचडीएफसी बँकेच्या इन्फिनिया कार्डाची वार्षिक फी १२,५०० रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १४,७५० होतात. फी भरली की बँक तितकेच, म्हणजे १२,५०० रिवॉर्ड पॉइंट देते. विमानतळावरच्या लाऊंजमध्ये कितीही वेळा जाता येते. वर्षाला १० लाख रुपये खर्च केले तर पुढच्या वर्षीची फी माफ होते. एसबीआय कार्डाच्या एलिटची फी ४,९९९ रुपये, त्यावर पहिल्या वर्षी पाच हजारांचे व्हाउचर. शिवाय विमा, हॉटेलांचे सभासदत्व, गोल्फचे खेळ. या सगळ्याची बेरीज केली की फी किरकोळ वाटू लागते.

पण ही बेरीज बँकेने ठरवलेल्या किमतींची आहे. लाऊंजची एक भेट हजार-बाराशेची धरायची, तिला वर्षातल्या आठ भेटींनी गुणायचे आणि झाले नऊ हजार वसूल, असे सांगितले जाते. एखाद्या सवलतीचे माझ्यासाठीचे मोल किती? ती नसती तर मी खिशातून जेवढे दिले असते तेवढेच. जालन्याचा माणूस मुंबईच्या विमानासाठी तासभर गाडीने चिकलठाणा विमानतळावर जातो, निघण्याआधी घरून खाऊन निघतो, आणि पुढचे विमान तासाभराचे असते. कार्ड नसते तर त्याने विमानतळावर चहा आणि फार तर इडली घेतली असती. तीन-चारशे रुपये गेले असते. त्या भेटीचे मोल तेवढेच, हजार-बाराशे नव्हे.

त्यात आपला प्रवास होतो कसा, तेही पाहा. आपण महिन्याला एकदा विमानात बसत नाही. उन्हाळ्याच्या सुटीत नाहीतर दिवाळीनंतर सगळे घर मिळून तिरुपती, गोवा नाहीतर केरळला जातो. अनेक कार्डांवर देशातल्या लाऊंजच्या भेटी तिमाहीला दोन, आणि न वापरलेल्या पुढे जात नाहीत. बहुतेक कार्डांवर सोबतच्या माणसाला प्रवेश नसतो. आई, वडील आणि दोन मुले एकत्र निघाली की एकटे वडील आत जातील का? जाणार नाहीत. चौघेही बाहेरच्या खुर्च्यांवर बसतील आणि घरून आणलेला डबा उघडतील. कागदावरच्या आठ भेटींपैकी वर्षाअखेर एक-दोन वापरल्या गेलेल्या असतात.

आपला बाकीचा प्रवास विमानतळाच्या वाटेला जातच नाही. ३० डिसेंबर २०२३ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली. आता ती नांदेडहून सुटते, तरी जालनेकराला साधारण सात तासांत मुंबईत पोहोचवते. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२मध्ये खुला झाला आणि ५ जून २०२५ला ७०१ किलोमीटरचा अख्खा रस्ता. पुण्याला जायला रात्रीच्या ट्रॅव्हल्स आहेत. परतूर, मंठा, घनसावंगीच्या माणसाला तर चिकलठाणा गाठायलाच अर्धा दिवस काढावा लागतो. ज्या सवलतीची सुरुवातच विमानतळावर होते, ती या माणसाच्या आयुष्यात वर्षातून कितीदा येईल?

बियाणे आणि खतांच्या विक्रेत्यांचे उदाहरण हमखास पुढे केले जाते. तुम्ही तर बँकॉकला, दुबईला जाता, तुम्हाला हे कार्ड हवेच, असे त्यांना सांगतात. हे खरे आहे की माल उचलल्यावर कंपन्या योजनेतून विक्रेत्यांना परदेश सहली घडवतात. पण त्या सहलीचे तिकीट, हॉटेल, जेवण सगळे कंपनीने भरलेले असते. मग कार्डावरची हॉटेलची सवलत वापरायची कुठे?

आता फी माफीचा मुद्दा. वर्षाला १० लाख म्हणजे महिन्याला ८३ हजारांच्या वर, तेही केवळ कार्डाने. स्टीलचा व्यापारी भंगार आणि कच्चा माल आरटीजीएसने घेतो. शेतकरी कृषी सेवा केंद्रातून बियाणे-खत हंगामाच्या उधारीवर उचलतो. मोंढ्यात कार्ड चालत नाही. घरभाडे, वॉलेट, पेट्रोल-डिझेल असे खर्च अनेक कार्डांत या मोजणीत धरत नाहीत. उरतात सराफा, कापड, इलेक्ट्रॉनिक्स. तिथे कार्ड पुढे केले की दुकानदार दोन टक्के जादा मागतो, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. १० लाखांपैकी ५ लाखांवर दोन टक्के दिले की दहा हजार गेले. फी वाचवण्यासाठी फीचा मोठा हिस्सा दुकानदाराला दिला, याला माफी कसे म्हणायचे?

पॉइंटांचेही तसेच. १२,५०० पॉइंट म्हणजे १२,५०० रुपये हे समीकरण मुख्यतः बँकेच्याच संकेतस्थळावर विमान किंवा हॉटेल घेतले तर जुळते. तिथेही बिलाच्या ७० टक्क्यांपर्यंतच पॉइंट चालतात, बाकी पैसे द्यावे लागतात. तेच पॉइंट कार्डाच्या बिलातून रोखीने वळते केले तर त्यांचे मोल खूपच खाली येते. ज्याला यंदा विमानाने कुठे जायचे नाही, त्याच्या हाती पॉइंट राहतात आणि जीएसटीचे २,२५० रुपये मात्र रोख गेलेले असतात.

माझा सर्वात मोठा आक्षेप मात्र याहून वेगळा आहे. फी आपण वर्षाच्या सुरुवातीला एकरकमी देतो आणि सवलत बँक वर्षभर आपल्या मर्जीने देते. अॅक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचे उदाहरण बोलके आहे. महिन्याला एक लाख खर्च केले की २५,००० पॉइंट, या एका आकर्षणापायी देशभर लोकांनी ते घेतले. १ सप्टेंबर २०२३पासून बँकेने तो लाभ काढून टाकला. फी १० हजारांवरून साडेबारा हजार केली आणि माफीसाठीची खर्चाची मर्यादा १५ लाखांवरून २५ लाखांवर नेली. मे २०२४पासून देशातल्या लाऊंजसाठीही आधीच्या तीन महिन्यांत ५० हजारांचा खर्च दाखवण्याची अट घातली. आयसीआयसीआय बँकेने अनेक कार्डांवर एप्रिल २०२४पासून तिमाहीला ३५ हजार खर्चाची अट घातली आणि त्याच वर्षी १५ नोव्हेंबरपासून ती ७५ हजार केली. लाऊंजच्या प्रत्येक भेटीमागे बँकेला पैसे मोजावे लागतात. कार्डे वाढली, गर्दी वाढली, खर्च अंगावर आला आणि दार बंद होऊ लागले. ड्रीमफोक्स या मध्यस्थ कंपनीने तर सप्टेंबर २०२५मध्ये देशातली लाऊंज-सेवाच थांबवली. दोन वर्षांत इतकी बदलणारी सवलत पुढच्या बारा महिन्यांच्या हिशेबात पूर्ण किमतीने धरणे ही चूक आहे.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. तिमाहीला ७५ हजार खर्च करा, वर्षाला १० लाख करा, म्हणजे मग सवलत. हा दबाव पगारदाराला एक वेळ झेपेल, कारण त्याच्या खात्यात दर महिन्याला पैसे येतात. जालन्याचा पैसा हंगामाने येतो. सोयाबीन आणि कापसाचे पैसे दिवाळीच्या आगेमागे, मोसंबीचे बहाराप्रमाणे. आणि ज्यांचा धंदा शेतकऱ्यावर चालतो, त्या दुकानदारांची उधारीही तेव्हाच वसूल होते. कार्डाचे बिल मात्र दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येते. जून-जुलैत हातात पैसा नसतो, मग माणूस ‘मिनिमम ड्यू’ भरून मोकळा होतो. एक लाखाच्या बिलावर पाच हजार भरले आणि व्याज महिन्याला पावणेचार टक्के असेल, तर उरलेल्या ९५ हजारांवर एका महिन्याचे व्याज साडेतीन हजारांच्या वर जाते. त्यावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. महिन्याला चार हजारांहून जास्त. चार महिने असे गेले की अख्खी वार्षिक फी व्याजातच भरून झाली. वर, बाकी ठेवली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. वर्षाचा दर जीएसटीसह पन्नास टक्क्यांच्या पुढे जातो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली कार्डाच्या व्याजावर ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४मध्ये तो आदेश रद्द केला, तेव्हा ती आडकाठीही राहिलेली नाही.

याच शेतकऱ्याच्या घरात १९९८पासून दुसरे एक कार्ड आहे, किसान क्रेडिट कार्ड. त्यावर ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर केंद्राच्या सवलतीने व्याज चार टक्के पडते आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तेही शून्यावर येते. त्याची परतफेड हंगामाला जुळवलेली असते. ज्याच्या हाती बिनव्याजी कर्जाची सोय आहे, त्याला पन्नास टक्क्यांच्या कर्जाच्या दारात लाऊंजच्या चहासाठी नेऊन उभे करणे मला अन्यायाचे वाटते.

मग ही फी कुणालाच परवडत नाही का? परवडते. ज्याला धंद्यासाठी महिन्यातून दोन-तीनदा हैदराबाद, दिल्ली करावी लागते, तिकिटे स्वतःच्या पैशाने काढावी लागतात, ज्याचा मोठा खर्च दोन टक्के जादा न देता कार्डाने होतो आणि जो दरमहा पूर्ण बिल भरतो, त्याला एक चांगले कार्ड पुरेपूर उपयोगी आहे. त्याने ते खुशाल ठेवावे. जिल्ह्यात अशी माणसे आहेत, पण थोडी. मुलगा परदेशात शिकत असेल तर साध्या कार्डावरचे साडेतीन टक्के परकीय चलन शुल्क दोन टक्क्यांवर येते, हाही खरा फायदा. पण त्यासाठी फी भरायची गरज नाही. फेडरल बँकेच्या स्कॅपियासारखे आजीवन मोफत कार्ड ते शुल्क आकारतच नाही.

बाकीच्यांसाठी माझा आग्रह साधा आहे. एक आजीवन मोफत कार्ड, शक्यतो रुपेचे, कारण ते यूपीआयला जोडून किराणा दुकानातही वापरता येते. रेल्वेने वरचेवर वातानुकूलित डब्यातून जाणाऱ्याने आयआरसीटीसी-एसबीआयचे साधे कार्ड पाहावे. त्याची पहिली फी ५०० रुपये आणि नंतर वर्षाला ३०० रुपये. रेल्वेच्या संकेतस्थळावर काढलेल्या अशा तिकिटांवर दहा टक्क्यांपर्यंत पॉइंट मिळतात. जीएसटी धरूनही साडेतीन-चार हजारांच्या तिकिटांत वर्षाची फी वसूल होते. अर्ज करताना त्या दिवशीच्या अटी मात्र वाचून घ्या.

ज्यांच्या खिशात महागडे कार्ड आधीच आहे, त्यांनी पुढची फी लागण्याच्या महिनाभर आधी वर्षाची स्टेटमेंट काढून बसावे. खरोखर वापरलेली प्रत्येक सवलत, तिच्यासाठी आपण स्वतः किती दिले असते तो आकडा आणि शेजारी जीएसटीसह फी, असे एका कागदावर लिहावे. फीची बाजू जड निघाली तर बाकी शून्य करून कार्ड बंद करण्याचा अर्ज द्यावा. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बँकेला ते सात कामकाजाच्या दिवसांत बंद करावे लागते आणि उशीर केला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात.