शहर सोडायचे, पण जायचे कोठे?

मुंबई, ठाणे, पुणे या महानगरांतील मध्यमवर्गीय घरांत गेल्या काही वर्षांपासून एक विषय वारंवार निघू लागला आहे. रात्रीची जेवणे आटोपली, मुले झोपली, की पती-पत्नी हिशेब मांडतात. घरकर्जाचा हप्ता, शाळेची फी, रोजच्या प्रवासात जाणारे तीन-चार तास, वृद्ध आईवडिलांना लागणारी औषधे आणि या सर्वांच्या बदल्यात वाट्याला येणारी दोन खोल्यांची जागा. हिशेब जुळत नाही आणि मग कोणीतरी म्हणते, 'सोडूया हे शहर.' मार्च २०२० च्या टाळेबंदीने या वाक्याला एकदम बळ दिले. जी माणसे गावाकडे दिवाळीपुरतीच जात असत, ती तेथे वर्ष-वर्ष राहिली. त्यांतली बहुसंख्य पुढे परतली. पण परतताना मनात एक शंका घेऊन परतली.

शहर का सोडावे, यावर आपल्याकडे भरपूर बोलले जाते. ते सोडून जावे कोठे, या प्रश्नाचा विचार मात्र सहलीचे ठिकाण ठरवावे इतक्या सहजतेने केला जातो. कोणी मित्राने कोठे तरी प्लॉट घेतलेला असतो, कोणाला डोंगराची कड आवडते, कोणाला नदीकाठ. वस्तुतः कुटुंबाच्या पुढच्या दोन पिढ्यांचे भवितव्य ज्या निर्णयावर अवलंबून, तो असा आवडीनिवडीवर सोपविणे धाडसाचेच म्हटले पाहिजे.

शहर सोडणारे बहुधा फार दूर जात नाहीत. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे अडीच लाखांनी घटली. परंतु त्याच दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचीही लोकसंख्या घटली. म्हणजे गिरणगावातील चाळी रिकाम्या झाल्या, पण त्या चाळींत राहणाऱ्या चाकरमान्यांचे कोकण भरले नाही. माणसे बदलापूर, विरार, पनवेलच्या दिशेने सरकली. जागा थोडी मोठी झाली आणि लोकलचा प्रवास दुप्पट झाला. याला शहर सोडणे कसे म्हणावे? दुसरा वर्ग आहे शेतघरवाल्यांचा. धरणाच्या काठी दहा-पंधरा गुंठ्यांवर बांधलेले टुमदार घर, त्याला कुंपण, आत एक राखणदार. तेथे आठवड्याचे दोन दिवस घालवून 'आम्ही आता गावीच असतो' असे सांगणाऱ्यांविषयी अधिक न लिहिलेले बरे.

तिसरा पर्याय सहसा कोणाच्या यादीतच नसतो. तो म्हणजे तालुक्याचे गाव.

उदाहरणादाखल यवतमाळ जिल्ह्यातील महागाव घेऊ. वर्तमानपत्रांच्या महानगरी आवृत्त्यांत या तालुक्याचे नाव यायचे ते बहुधा आत्महत्या, अतिवृष्टी किंवा अपघात यांच्या बातमीत. नागपूरहून तुळजापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग येथून जातो. एका अंगाला पुसद, दुसऱ्या अंगाला उमरखेड आणि पैनगंगेपलीकडे माहूरची रेणुकामाता. कापूस, सोयाबीन, तूर ही मुख्य पिके. पूस प्रकल्पाच्या पाण्यावर काही भागात ऊसही होतो. बोलीत वऱ्हाडीचा ठसका, तांड्यांवर बंजारा बांधवांची गोरमाटी आणि नदीपलीकडून येणारा मराठवाडी हेल. नगरपंचायत आहे, तहसील कचेरी आहे, बाजारपेठ आहे. रेल्वे नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. पुढे यवतमाळ, पुसद, उमरखेडच्या बाजूने तो नांदेडला जायचा आहे. तोवर एस.टी. आणि स्वतःचे वाहन, हाच आधार.

अशा तालुक्यातून शिकून बाहेर पडलेला आणि महानगरात स्थिरावलेला एखादा चाळिशीतला गृहस्थ कुटुंबासह परतू पाहतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे प्रथम शेत येते. येथेच पहिली फसगत होते. ज्याच्या नावावर शेतजमीन नाही, त्याला ती सहजासहजी विकत घेता येत नाही. विदर्भाला १९५८ चा स्वतंत्र कुळकायदा लागू आहे आणि बिगरशेतकऱ्याला जमीन हस्तांतरित करण्यावर त्यात निर्बंध आहेत. आदिवासी बांधवाची जमीन बिगर-आदिवासीने घेण्यावर १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे निर्बंध त्याहून कडक आहेत, आणि ते तसेच असले पाहिजेत. वडिलार्जित जमीन असली, तरी सातबाऱ्यावर काका, आत्या, चुलतभाऊ अशी दहा नावे असतात. हे फेरफार निस्तरल्यावाचून नोकरीचा राजीनामा देणारा मनुष्य गावात पाय ठेवताच भावकीच्या वादात सापडतो आणि वर्षभरात 'गाव पूर्वीसारखे राहिले नाही' अशी तक्रार करीत माघारी फिरतो. गाव पूर्वीसारखेच असते. त्यानेच कागद पाहिलेले नसतात.

कागद स्वच्छ निघाले तरी कोरडवाहू पाच-सात एकरांवर चार माणसांचे मध्यमवर्गीय कुटुंब चालत नाही. चालले असते, तर त्या भागातील कास्तकाराचा मुलगा पुण्याला सुरक्षारक्षक म्हणून उभा राहिला नसता. जुलै २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले; त्यात यवतमाळ होते. त्यानंतरही शेतीचा ताळेबंद मूलतः बदललेला नाही. म्हणून परतणाऱ्याने शेतीवर पोट ठेवू नये. आपल्या हाती असलेले कोणते कौशल्य त्या गावात नाही, हे शोधावे. विजेच्या मोटारी आणि सौरपंप खात्रीने दुरुस्त करणारा, सहकारी संस्थेचे हिशेब नीट ठेवणारा, डाळमिल चालवून तुरीचे चार पैसे अधिक मिळवून देणारा, दहावीच्या मुलांना गणित आणि इंग्रजी मनापासून शिकवणारा. अशा माणसांचा तुटवडा प्रत्येक तालुक्यात आहे. शहरात असे दहा हजार असतात, म्हणून एकाला किंमत नसते. तालुक्यात पहिल्या वर्षी उत्पन्न निम्म्यावर येईल, हे गृहीत धरावे लागते, आणि दोन वर्षांचा घरखर्च गाठीशी असल्यावाचून निघू नये.

आईवडिलांच्या प्रकृतीचा प्रश्न याहून अवघड. हृदयविकाराचा झटका आला, तर तालुक्यात प्रथमोपचार होतील; पुढे यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा नांदेड गाठावे लागते. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली, रस्ता सुधारला, तरी तास-दीड तास तो तास-दीड तासच. डायलिसिसवर असलेल्या किंवा नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेल्या वडिलांना घेऊन येणाऱ्या कुटुंबाने पुसद किंवा थेट जिल्ह्याचे ठिकाण निवडावे, हे उघड सांगितले पाहिजे. भावनेच्या भरात वृद्धांना गैरसोयीत लोटण्याचा अधिकार कोणाला नाही.

मुलांच्या शाळेबाबत मात्र शहरी पालकांची भीती थोडी अवास्तव आहे. तालुक्यातील शाळा सगळ्याच चांगल्या आहेत असे नव्हे. काही ठिकाणी एक शिक्षक दोन वर्ग सांभाळतो, आणि इंग्रजी माध्यमाची पाटी लावून रंगीत गणवेश विकणारी दुकाने येथेही निघाली आहेत. परंतु दहावीपर्यंतचा पाया मराठीतून पक्का करून पुसदच्या बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा यवतमाळला वैद्यकीय शिक्षणासाठी जाणारी मुले याच मातीतून निघतात. अडचण निराळीच आहे. सुशिक्षित पालक ज्या शाळेत आपले मूल घालतो, त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना त्याच्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. तालुक्यातील अधिकारी, प्राध्यापक, डॉक्टर आपली मुले यवतमाळ-नागपूरला ठेवतात आणि मग शाळेला विचारणारेच कोणी उरत नाही. एक कुटुंब आले, तर एक विचारणारा वाढतो.

या सर्व चर्चेत ज्या व्यक्तीचे मत सर्वांत शेवटी घेतले जाते, ती घरातील गृहिणी. पतीचे ते मूळ गाव असते. तेथील वड, पिंपळ, पार त्याच्या आठवणीत असतात. तिच्या आठवणीत ते नसतात. शहरात तिने नोकरी मिळवलेली असते, स्वतःचे बँक खाते, मैत्रिणी, सायंकाळी एकटीने चालत जाण्याची मोकळीक मिळवलेली असते. तालुक्यात गेल्यावर ती एकदम 'अमक्यांची सून' होते. घरी आलेल्या पाहुण्यांचा चहा, सणवार, सासरकडील नाती यांत तिचा दिवस जातो आणि पतीला गावपण भेटल्याचा आनंद होतो! ग्रामजीवनाचा गौरव करणाऱ्या आपल्या व्यासपीठांवरून हा विषय क्वचितच निघतो. स्थलांतर फसलेल्या घरांत नीट चौकशी केली, तर शेती, शाळा, दवाखाना यांहून हे कारण मोठे आढळेल. तिला तेथे काम काय, याचे उत्तर मिळाल्यावरच सामान बांधावे. तिचे उत्तर 'नाही' असेल, तर तेही उत्तरच आहे.

जागा निवडताना लोक महामार्ग किती जवळ हे पाहतात. पाणी कोठून येते हे पाहत नाहीत. २२ जुलै २०२३ रोजी महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यात पुराच्या पाण्याने चाळीसहून अधिक माणसे अडकली आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाठवावी लागली. नदीकाठचा स्वस्त प्लॉट कशामुळे स्वस्त आहे, हे गावातील कोणताही म्हातारा पाच मिनिटांत सांगतो. दलाल सांगत नाही.

तरीही जावे का? ज्यांनी अशी निवड विचारपूर्वक केली, त्यांच्याकडे पाहिले तर उत्तर सापडते. पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या डॉ. अशोक कुकडे आणि डॉ. ज्योत्स्ना कुकडे या दांपत्याने सहकाऱ्यांसह १९६६ साली लातूरला विवेकानंद रुग्णालय सुरू केले. लातूर तेव्हा जिल्हाही नव्हता. उस्मानाबाद जिल्ह्यातील ते एक तालुक्याचे गाव, नॅरोगेजच्या बार्शी लाईट रेल्वेने जोडलेले. पुण्यात त्यांना काही कमी पडले असते असे नाही. लातूरला शल्यचिकित्सकाची गरज होती आणि ते शल्यचिकित्सक होते. निवडीमागचे गणित इतके सरळ होते. १९९३ च्या भूकंपात त्या रुग्णालयाचे मोल साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. महागावपासून फार दूर नसलेल्या, आज हिंगोली जिल्ह्यात असलेल्या कडोळीत जन्मलेले नानाजी देशमुख साठीला येताच सत्तेच्या राजकारणातून बाहेर पडले आणि १९७८ मध्ये गोंडा जिल्ह्यात गेले. पुढे चित्रकूट परिसरात त्यांनी 'समाजशिल्पी दांपत्य' ही योजना राबविली. पदवीधर पती-पत्नींनी पाच वर्षे खेड्यात राहायचे आणि भोवतालच्या पाच गावांकडे लक्ष द्यायचे, असे तिचे स्वरूप. एकट्या कार्यकर्त्याला न पाठवता दांपत्याला पाठवावे, आणि त्याला आजन्म न बांधता मुदत घालून द्यावी, या दोन गोष्टींत नानाजींचा व्यवहार दिसतो. आज शहर सोडू पाहणाऱ्या कुटुंबांनीही स्वतःला अशीच मुदत घालून घ्यावी. शहरातील घर लगेच विकू नये, भाड्याने द्यावे. गावात घर बांधू नये, भाड्याने घ्यावे.

आणि ते घर कोणत्या आळीत घ्यायचे, हाही प्रश्न आहेच. तालुक्याच्या गावी नव्या माणसाचे आडनाव आधी विचारले जाते आणि त्यावरून त्याचे बिऱ्हाड कोठे असावे, हे इतरच ठरवू लागतात. आपल्यासारख्यांची वस्ती पाहून तेथे राहण्याचा मोह सर्वांना होतो. शहरातून येताना कुटुंबाने समरसतेच्या गोष्टी केल्या असतील, तर त्याची पहिली कसोटी या भाड्याच्या घराशी लागते. मुले ज्या अंगणात खेळतील, तेच त्यांचे गाव होईल.

गावकऱ्यांनीही परतणाऱ्याकडे दोनच दृष्टींनी पाहणे सोडायला हवे: एक तर हा पैसेवाला, नाहीतर शहरात न टिकलेला. मुंबईत टिकला नाही म्हणून आला, ही कुजबुज चार-सहा महिने कानावर येणार. ती सहन होण्याइतका संसार आतून एकजीव नसेल, तर पुण्याचे उपनगरच बरे.

विदर्भातील शाळा उन्हाळ्यामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. जाण्याचा विचार असलेल्या कुटुंबाने त्याआधी मे महिन्याच्या शेवटी, नवतपा चालू असताना, मुलांसह आठ दिवस तेथे राहून पाहावे. दुपारी दोन वाजता वीज गेली की कूलर बंद पडतो, तेव्हा घरात काय बोलणे होते ते ऐकावे. नळाला पाणी कितव्या दिवशी येते ते मोजावे. मग एकदा भर ऑगस्टमध्ये जावे, नाले वाहत असताना. डिसेंबरात हुरडा खाऊन परतताना रस्त्यातच प्लॉटची इसार रक्कम देऊ नये.