निळी रेषा, लाल रेषा

पूररेषा म्हणजे बांधकामांना घातलेला खोडा, हा काहींचा सूर पटणारा नाही. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. म्हणजे दरवर्षी शेकडा एक शक्यता. लाल रेषेबाहेर पाणी येतच नाही, असा मात्र तिचा अर्थ नव्हे. पुण्याजवळच्या चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले 36 बंगले मे 2025 मध्ये पाडावे लागले. धोक्याच्या नकाशाकडे दुर्लक्ष याहून महाग पडू शकते. कोलंबियातील नेवादो देल रुईझ या बर्फाच्छादित ज्वालामुखीचा धोक्याचा नकाशा ऑक्टोबर 1985 मध्येच तयार होता; आर्मेरो हे शहर त्यातील धोक्याच्या पट्ट्यात होते. 13 नोव्हेंबरला उद्रेकाने बर्फ वितळले, चिखलाच्या लोंढ्यात 20 हजारांहून अधिक माणसे गेली. पवना-इंद्रायणीकाठी घर घेणाऱ्याने सातबाऱ्यासोबत पूररेषेचा नकाशाही मागावा.