पाणी प्यावें आणि पाला टाकावा?

गेल्या वर्षीं आमच्या सूनबाई बाळंतपण आटोपून माहेराहून परतल्या, तेव्हां त्यांचा चेहरा पांढुरका पडला होता व विहिरीवरून घागर आणितांना धाप लागत असे. चिरंजीवांनीं शहरांतून हिमालयांतील पाल्याच्या चहाची पुडी आणिली. वेष्टनावर रक्तवाढीची ग्वाही छापलेली होती. दोन महिने तो चहा नेमानें झाला. पुढें सरकारी दवाखान्यांत रक्त तपासलें, तों हिमोग्लोबिन अवघें ८ ग्रॅम! तेथें मोफत मिळालेल्या लोहाच्या गोळ्यांनीं कांहीं महिन्यांत धाप गेली. तथापि दोष त्या पाल्याचा होता असें आम्हांस वाटत नाहीं, आणि हेंच वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

हा पाला बिच्छू घासाचा. गढवालांत त्यास कंडाली, कुमाऊंत सिसूण व नेपाळांत सिस्नु म्हणतात. पानांवरील बारीक केंसांचा स्पर्श होतांच अंगाची आग होते. परंतु पाला शिजविला अथवा नीट वाळविला कीं ती आग उरत नाहीं. आपल्याकडील खाजकुयलीची वेल अगदीं निराळी. नांवाच्या सारखेपणानें कोणीं तिचा पाला उकळूं नये. लोह, कॅल्शियम व प्रथिनें बिच्छू घासांत खरोखरच आहेत. पण डोंगरी बाई कोवळे शेंडे खुडून त्यांची भाजी रांधते व ती भाताबरोबर सबंध खाते. आपण मात्र चमचाभर पाला पाण्यांत भिजवितों, पाणी पितों आणि चोथा टाकून देतों. प्रथिनें त्या चोथ्यांतच राहतात, व लोहाचा थोडकाच अंश पाण्यांत उतरतो. पुरणाची डाळ शिजवून कटाची आमटी तेवढी वाढावी व पुरण उकिरड्यावर टाकावें, तसाच हा प्रकार होय.

ऊन पेय म्हणून तो चहा कोणीं घेतल्यास आमची हरकत नाहीं. पोषण म्हणून मात्र घेऊं नये.

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां पीकपाहणीच्या निमित्तानें आम्हीं पुष्कळ बांध तुडविले. परसांत शेवगा असलेलीं घरें अनेक पाहिलीं. शेंगा बाजारीं जात आणि पाला शेळ्यांपुढें पडे. कोंकणांतील बायका त्याच पाल्याची भाजी करितात. शेवग्याच्या पाल्यांतही लोह, कॅल्शियम व प्रथिनें आहेत, आणि त्यासाठीं हिमालय गांठावा लागत नाहीं. पाला धुवून सावलींत वाळवावा. उन्हांत त्याचा रंग उडतो व अ जीवनसत्त्वाचा नाश होतो. मग कुटून घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावा आणि चमचाभर भाकरीच्या पिठांत अथवा वरणांत घालावा. वर लिंबू पिळावें, म्हणजे लोह अधिक अंगीं लागतें. जेवणास लागून नेहमींचा चहा घेण्याची खोड मात्र मोडावी, कारण तो अन्नांतील लोह अंगीं लागूं देत नाहीं.

कोणी म्हणतील, पुड्यांच्या धंद्यांत शेतकऱ्यास दोन पैसे मिळतात, ते कां बुडवितां? आमच्या सोसायटीनें शेवग्याच्या पाल्याची भुकटी अवश्य विकावी. मात्र पुडीवर ‘खावी, गाळून पिऊं नये’ असें स्पष्ट छापावें, आणि रक्तवाढीची ग्वाही देऊं नये. अशक्त बाईनें पुडीच्या भरंवशावर दोन महिने घालविले, तर तें नुकसान कोणत्याही नफ्यानें भरून निघणार नाहीं. रक्त कमी असल्यास आधीं तपासणी व गोळ्या. पाला हा त्यांचा सोबती, बदली नव्हे. रक्त पातळ करण्याचें औषध चालू असणाऱ्यांनीं तर दोन्ही पाले डॉक्टरांस विचारूनच घ्यावेत.

मृगाच्या पावसांत शेवग्याची हातभर फांदी बांधावर रोंवली तरी जीव धरते. आमच्या परसांत यंदा दोन रोंविल्या आहेत. त्यांवर पहिला हक्क सूनबाईंचा. शेळ्यांनीं थोडें थांबावें.