मुन्ना, यास्मिन आणि आपल्या हातातला कॅमेरा

'धोबी घाट' आठवतोय का कुणाला? किरण रावचा पहिला सिनेमा. २१ जानेवारी २०११ ला लागला आणि आमिर खानचं नाव वाचून गेलेले अर्धे लोक वैतागून बाहेर आले. गाणी नाहीत, मारामारी नाही, इंटरव्हलसुद्धा नाही. आमच्या गावातल्या टॉकीजला तर तो लागलाच नाही. असे सिनेमे तालुक्याच्या गावाला येत नसतात, ते आपण नंतर कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून बघतो. मीही तसाच पाहिला. परवा पुन्हा पाहिला. का पाहिला, ते खाली येईलच.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मुंबईत चार माणसं. अरुण हा चित्रकार, घटस्फोटित, माणसांपासून लांब राहणारा, म्हणजे आमिर खान. शाय ही अमेरिकेत बँकेत नोकरी करणारी श्रीमंत घरची मुलगी, सुट्टी घेऊन मुंबईचे फोटो काढत फिरतेय. मुन्ना हा दोघांचे कपडे धुऊन आणणारा पोरगा, लहानपणी बिहारमधून आलेला, हिरो व्हायचं स्वप्न बघणारा. आणि चौथी यास्मिन, उत्तर प्रदेशातून लग्न होऊन आलेली. ती आपल्याला फक्त टेपमध्ये दिसते. अरुण ज्या भाड्याच्या खोलीत राहायला येतो तिथे आधी ती राहायची. कपाटात तिच्या व्हिडिओ टेप सापडतात. गावाकडच्या भावाला तिने चित्रात लिहिलेली पत्रं आहेत ती. समुद्र, लोकल, घरकाम करणारी बाई, तिची मुलगी, पाऊस. शेवटच्या टेपमध्ये ती भावाचा निरोप घेते. ती पत्रं भावाला कधी पोचलीच नाहीत.

कथा एवढीच. कुणी कुणाला मिळत नाही, कुणाचा सूड उगवला जात नाही.

आमिर खानचं काम मला तेव्हाही जड वाटलं होतं, आताही वाटलं. एकटेपणा दाखवायचा म्हणून तो एकटेपणा दाखवतोय, हे कळत राहतं. मोनिका डोगराची शाय चांगली आहे, पण तिच्या इंग्रजीत आपल्यासारख्यांना थोडं परकंच वाटतं. सिनेमा उचलून धरलाय तो प्रतीकने आणि यास्मिन झालेल्या कृती मल्होत्राने. शहर कसं बोलतं, हे या दोघांच्या तोंडून कळतं.

आता मुद्द्याचं.

या सिनेमात कॅमेरा कुणाच्या हातात आहे, ते बघा. शाय मुन्नाचे फोटो काढते. दोघांचा सौदाच असतो तसा. ती त्याचा पोर्टफोलिओ करून देणार, तो तिला महालक्ष्मीचा धोबीघाट आणि आपलं काम दाखवणार. इथवर ठीक. पण मुन्नाचं रात्रीचं काम तिला माहीत नसतं. रात्री तो उंदीर मारतो. मुंबई महापालिका हे काम खरंच करून घेते. काठी आणि टॉर्च घेऊन माणसं गल्लीबोळांतून फिरतात, रात्रीला ३० उंदरांचं टार्गेट असतं, सकाळी मोजून द्यायचे. मुन्नाने ते तिच्यापासून लपवलेलं असतं. एका रात्री ती त्याला त्या अवस्थेत बघते, कॅमेऱ्यातूनच बघते. आणि तो पळतो. हातातली काठी कुणी हिसकावलेली नाही, कुणी ओरडलेलं नाही, पोलीस मागे नाहीत. फक्त बघितलं गेलंय, म्हणून पळतो.

अरुण यास्मिनला बघतो तेही तिच्या नकळत. तिने भावासाठी केलेलं तो स्वतःसाठी बघतो आणि त्यावर चित्र काढतो. म्हणजे चौघांत स्वतःच्या मर्जीने स्वतःला दाखवणारी एकटी यास्मिन. बाकी मुन्ना कसा दिसणार, हे शाय ठरवते. आणि यास्मिनसुद्धा शेवटी परक्याच्याच हाती लागते.

२०११ मध्ये मला हे एवढं टोचलं नव्हतं. आता टोचतं, कारण आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आलाय.

गेल्या काही वर्षांत तुम्ही-आम्ही सगळ्यांनीच ते व्हिडिओ पाहिलेत. दुकानदार, रिक्षावाला, पाणीपुरीवाला, वॉचमन. चार-पाच जण घेरून उभे, मोबाईल चालू, 'मराठी बोल'. मग कानाखाली. मग हात जोडून माफी. जुलै २०२५ मध्ये मीरा रोडचा व्हिडिओ देशभर फिरला, पण तो काही पहिला नव्हता. २००८ मध्ये टॅक्सीवाल्यांना आणि रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या पोरांना मारलं, तेव्हा चॅनलवाल्यांचा कॅमेरा होता. आता मारणाराच शूटिंग करतो. म्हणजे मार हा निम्माच कार्यक्रम, व्हिडिओ हा पूर्ण कार्यक्रम. मुन्ना निदान पळू शकला होता.

माझ्याबद्दल गैरसमज नको म्हणून सांगतो. १६ एप्रिल २०२५ ला सरकारने पहिलीपासून हिंदी आणणारा जीआर काढला, तेव्हा मी त्याच्या विरोधात लिहिलं होतं. याच भिंतीवर आहे, खाली जाऊन बघा. २९ जूनला सरकारला ते मागे घ्यावं लागलं, याचा मला आनंदच झाला. मराठी शाळा बंद पडताहेत, दुकानांच्या पाट्या, बँकेतले फॉर्म, सगळीकडे भांडायला पाहिजे. भांडण मंत्रालयाशी आहे, बँकेच्या हेड ऑफिसशी आहे. आपण मात्र ते चौकातल्या इस्त्रीवाल्याशी उरकून घेतो, कारण तो हाताशी असतो आणि उलटून बोलत नाही.

आणि इस्त्रीवाला बाहेरचा का आला, हेही जरा आठवून बघा की. माझ्या लहानपणी गल्लीत कपडे न्यायला परीट यायचे. गाडगेबाबांच्या समाजातली माणसं. त्यांची पोरं शिकली, कुणी शिक्षक झाला, कुणी एसटीत लागला, एक जण तलाठी आहे. भट्टी लावणं बंद झालं. चांगलंच झालं. पण कपडे मळायचे थांबले नाहीत. ती रिकामी झालेली जागा कुणीतरी भरणारच होतं. आमच्या गावात आज इस्त्रीच्या चार गाड्या आहेत, चारही बाहेरच्यांच्या. त्यांनी कुणाला हाकलून तो धंदा घेतलेला नाही.

दुसरं, आपण खान्देशवाल्यांनी तर हा विषय काढताना दहादा विचार करायला पाहिजे. सुरतेला आपली किती माणसं आहेत? उधना, लिंबायत, डिंडोलीत उतरा. गल्लीच्या गल्ल्या अहिराणीत बोलतात. लूमवर, डाईंग मिलमध्ये, साडीच्या मार्केटात पार्सल उचलायला आपलीच पोरं. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरहून ताप्ती लाइनच्या गाड्या भरभरून जातात आणि अक्षय्य तृतीयेला तशाच भरून परत येतात. तिथे परप्रांतीय कोण? आपण. लिंबायतच्या आमदार संगीता पाटील, नवसारीचे खासदार सी. आर. पाटील, ही नावं गुजरातच्या राजकारणात आपोआप आली का? जळगाव जिल्ह्यात जन्मलेला माणूस गुजरातमध्ये एका मोठ्या पक्षाचा प्रदेशाध्यक्ष झाला, तेव्हा आपण इथे पेढे वाटले होते. उद्या उधन्यात एखाद्या पोराला घेरून 'गुजराती बोल' म्हणत कुणी मोबाईल चालू केला, तर आपल्याला काय वाटेल? माझ्या ओळखीतली निदान वीस घरं अशी आहेत, जिथे महिन्याचा किराणा सुरतेच्या पैशावर येतो.

प्रतीकवरून आठवलं. तो स्मिता पाटीलचा मुलगा. आता तर तो आईचंच नाव लावतो. आणि स्मिता म्हणजे आपल्या शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची मुलगी, त्यामुळे धुळे जिल्ह्यात हे घरचंच प्रकरण. तिने १९७८ मध्ये मुझफ्फर अलींच्या 'गमन'मध्ये काम केलं होतं. फारूख शेख गावाकडून मुंबईत येऊन टॅक्सी चालवतो आणि ती उत्तर प्रदेशातल्या खेड्यात त्याची वाट बघत बसते. तो शेवटी स्टेशनपर्यंत जातो पण गाडीत बसू शकत नाही. नंतर १९८१ मध्ये आला 'चक्र', जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा. त्यात ती स्वतःच झोपडपट्टीत राहणारी अम्मा होती. त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शेवटी बुलडोझर येतो आणि झोपड्या जातात. त्यानंतर ३० वर्षांनी मुलगा पडद्यावर मुन्ना धोबी होऊन आला. तोही रुळांच्या कडेच्या वस्तीत. आई गावात वाट बघत होती, मग झोपडीत होती, मुलगाही झोपडीत. तीस वर्षांत मुंबईने टॉवर किती उभे केले ते मोजा.

मुंबईतून मराठी माणसाला कुणी काढलं, या प्रश्नाचं उत्तरही सिनेमानेच दिलंय. २०२४ मध्ये पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं. त्यातल्या दोन नर्स केरळच्या आहेत, पण तिसरी आहे आपली छाया कदम. पार्वती नाव आहे तिचं. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करते. नवरा गिरणीत होता, तो गेला. चाळीतली खोली बिल्डर पाडणार आणि तिच्या नावावर कागद एकही नाही. इतकी वर्षं राहिली याचा पुरावाच नाही. ती निमूट सामान बांधून रत्नागिरीकडे गावी निघते. तिला कुठल्या धोब्याने काढलं? १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनीचं काय झालं, कुणी कुणाशी बसून काय ठरवलं, हे सगळं मराठीतच झालं. त्या बैठकांत मुन्ना नव्हता. त्या जागेवरच्या टॉवरमध्ये पार्वतीला परवडणारं घर का नाही, हे विचारायला कुणी मोबाईल चालू करून गेल्याचा व्हिडिओ मी तरी पाहिलेला नाही. तिथे गेटवर वॉचमन असतो. फार तर त्यालाच मराठी बोलायला लावतील.

काही जण म्हणतील, सिनेमावरून कसलं राजकारण करता, हे दिग्दर्शक लोक वातानुकूलित खोलीत बसून गरिबी दाखवतात आणि परदेशात बक्षीसं घेतात. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. 'धोबी घाट' आधी टोरंटोला दाखवला आणि मग आपल्याला. पण मला या बाईंचं एक आवडलं. ती शायला, म्हणजे स्वतःच्याच वर्गातल्या पोरीला, सोडत नाही. शाय मुन्नाशी छान वागते, चहा देते, शेजारी बसवते आणि मनात मात्र अरुण. मुन्नाला ते कळतं. तो आपली जागा ओळखून असतो, आणि अरुणचा नवा पत्ता माहीत असूनही तिला सांगत नाही. शेवटी भर रस्त्यात, ट्रॅफिकमधून जीव खाऊन धावत तो तिची गाडी गाठतो आणि तो पत्ता तिच्या हातात देतो. मला वाटतं, अख्ख्या सिनेमात कुणी काही दिलं असेल तर ते त्याने. पुढे किरण रावने दुसरा सिनेमा करायला तेरा वर्षं घेतली. तो 'लापता लेडीज', तो मात्र आमच्याकडे घराघरात पाहिला गेला.

आता परवा पुन्हा का पाहिला, ते. गेल्या महिन्यात आमच्या गावातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी फिरली. बाहेरून येऊन राहिलेल्यांची. नाव, धंदा, कुठल्या गल्लीत राहतो, आणि पुढे फोटो. फोटो त्यांच्या नकळत काढलेले, हे बघताच कळतं. एक गाडीवर इस्त्री करताना, एक कुल्फीचा हंडा उचलताना, एक नळावर आंघोळ करताना. खाली मजकूर: यांना खोल्या देऊ नका. पंचवीस-तीस अंगठे. त्यात दोन नगरसेवक.

पोलिसांकडे भाडेकरूंची नोंद असावी, याला माझी हरकत नाही. नियमच आहे, करायलाच पाहिजे. पण ती नोंद पोलीस ठाण्यात, घरमालकाच्या सहीने. आंघोळीच्या फोटोसकट ग्रुपवर नव्हे. मी ग्रुपवर एवढंच विचारलं की हे फोटो कुणी काढले, आणि काढताना त्यांना विचारलं होतं का. उत्तर आलं, 'पत्रकार साहेब, तुम्ही कुणाच्या बाजूचे?'

यादी मी नीट वाचली. सतरा नावं आहेत, सगळी भाडेकरूंची. घरमालकाचं एकही नाव नाही. पंधरा बाय दहाच्या पत्र्याच्या खोलीत सहा-सहा जण ठेवून माणशी दीड हजार घेणारे, पावती न देणारे, नगरपालिकेला भाडं न दाखवणारे. ते सगळे आपलेच आहेत, मराठीच बोलतात. त्यातल्या चौघांना मी ओळखतो. दोघे त्या ग्रुपचे ॲडमिन आहेत.