श्वासाची नोंद कोणत्या दप्तरात आहे?

विशाखापट्टणमहून द्रवरूप प्राणवायूचे सात टँकर घेऊन निघालेली रेल्वेगाडी नागपूरला तीन टँकर उतरवून २४ एप्रिल २०२१ च्या सकाळी नाशिकला पोहोचली. बडनेरा आणि अकोला ही वऱ्हाडातील स्थानके तिने रातोरात मागे टाकली. वर्तमानपत्रांनी तिचे कौतुक केले व ते अस्थानी नव्हते. शासनाने मनात आणले तर प्राणवायूसाठी लोहमार्ग मोकळा करता येतो, हे त्या गाडीने सिद्ध केले. परंतु त्याच लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना, मूर्तिजापूर-बोरगावपासून बाळापूर-पातूरपर्यंत आणि वर अचलपूर-धारणीपर्यंत, अशी माणसे तेव्हाही होती व आजही आहेत, ज्यांना प्राणवायू महामारीपुरता लागत नाही. तो रोज लागतो, दिवसातून किमान पंधरा तास लागतो, आणि तो इस्पितळाच्या खाटेवर नव्हे तर घरच्या बाजेवर लागतो. वीज गेली, सिलिंडर संपला, नदीला पूर आला, तर या माणसांचे काय करायचे? हा प्रश्न एकदा जिल्हाधिकारी कचेरीत आणि एकदा महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात विचारून पाहावा. त्या रुग्णांची यादी मागून पाहावी.

हे रुग्ण कोण आहेत? चुलीच्या धुरात चाळीस वर्षे भाकरी थापलेली बाई, बिडीने छाती पोखरलेला सालदार, क्षयातून वाचला पण फुप्फुसे गमावून बसलेला विणकर, करोनानंतर ज्याच्या फुप्फुसांत चट्टे राहिले असा रिक्षावाला. आणि यांच्या जोडीला जिनिंगचा कामगार. ज्या पांढऱ्या सोन्याच्या नावाने वऱ्हाडची कीर्ती गायिली जाते, त्याची सरकी काढताना उडणारा तंतू आणि धूळ छातीत जाते. तिच्यापासून होणाऱ्या बिसिनोसिस या आजाराची नोंद १९४८ च्या कारखाना कायद्याच्या अनुसूचीत होती. म्हणजे रोग सरकारला ठाऊक होता. पण त्याच वर्षी झालेला कामगार राज्य विमा कायदा हंगामी कारखाने वगळून लागू करण्यात आला, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत अगदी पहिले नाव घातले गेले ते कापसाच्या जिनिंगचे! एका कायद्याने आजार मान्य करायचा आणि दुसऱ्याने आजाऱ्याला दाराबाहेर ठेवायचे, अशी ही किमया आहे. जिनचा भोंगा चार-पाच महिने वाजतो. छातीतील धूळ मात्र हंगाम संपला म्हणून बाहेर पडत नाही.

या माणसाच्या घरी प्राणवायू येतो तो दोन मार्गांनी. एक सिलिंडर, दुसरे ज्याला कॉन्सन्ट्रेटर म्हणतात ते यंत्र. हे यंत्र खोलीतील हवा ओढून घेते, झिओलाइटच्या खड्यांवर तिच्यातील नायट्रोजन अडवून ठेवते आणि नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्ध प्राणवायू नळीतून देते. यंत्र चांगले आहे, पण ते विजेवर चालते आणि वीज जाताच त्याच क्षणी थांबते. शिवाय बहुतेक यंत्रे चाळीस अंश तापमानापर्यंतच चालावीत अशी बनविलेली असतात. अकोल्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालच्या खोलीचे तापमान किती असते, हे सांगण्यासाठी वेधशाळेची गरज नाही. २०२४ च्या मे महिन्यात तेथील जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हापायी कलम १४४ पुकारले होते. शिकवणी वर्गांच्या वेळा बदलल्या, कामगारांना सावली व पाणी देण्यास मालकांना बजावले. ते योग्यच झाले. पण ज्या घरी उन्हाने यंत्रच बंद पडते, त्या घराची आठवण कोणाला झाली?

यंत्र थांबले की राहतो तो सिलिंडर. दीड घनमीटरचा भरलेला सिलिंडर मिनिटाला दोन लिटर या हिशेबाने सुमारे बारा तास पुरतो. धारणीकडील खेड्यात वादळाने तार तुटली तर बारा तासांत ती जोडली जाईल, असे छातीवर हात ठेवून कोणता अभियंता सांगेल? आणि हे बारा तासही ज्याच्याजवळ सिलिंडर आहे त्याचे. २०२१ च्या टंचाईत सिलिंडर प्रथम इस्पितळांकडे वळविले गेले, ते अपरिहार्यही होते. मात्र घरच्या रुग्णासाठी भरून मागणाऱ्याला रित्या हाताने परतावे लागले.

आता विजेकडे वळू. अकोला जिल्ह्यात पारस येथे पाचशे मेगावॉटचे सरकारी औष्णिक केंद्र आहे. अमरावतीजवळ नांदगावपेठेला साडेतेराशे मेगावॉटचा खाजगी प्रकल्प उभा आहे आणि त्याला पाणी मिळते ते अप्पर वर्धा धरणाचे, ज्या पाण्यावर शेतकऱ्याने आपला हक्क सांगितला होता. धूर वऱ्हाडचा, पाणी वऱ्हाडचे, राख वऱ्हाडची. वीज मात्र कोणाला मिळावी हे ठरते गळती आणि वसुली यांच्या तक्त्यावरून. फीडरचे ए पासून जी पर्यंत गट पाडलेले आहेत. ज्या वस्तीत थकबाकी व गळती अधिक तिचा गट खालचा, आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये कोळशाच्या टंचाईचे कारण देऊन भारनियमन पुकारले गेले तेव्हा कुऱ्हाड पडली ती तळच्या गटांवर. शेजाऱ्याने आकडा टाकला म्हणून आजारी माणसाचा श्वास तोडायचा, हा न्याय कोणत्या स्मृतीतला आहे?

त्यातही हिशेब असा की साडेतीनशे वॉटचे यंत्र रोज पंधरा ते चोवीस तास चालले तर महिन्याला दीडशे ते अडीचशे युनिट एकट्या श्वासापोटी खर्च होतात. शंभर युनिटांपर्यंतचा स्वस्त टप्पा त्या घराने केव्हाच ओलांडलेला असतो. दरपत्रकाच्या लेखी वातानुकूलन यंत्र लावणारा आणि प्राणवायूवर जगणारा हे दोघे सारखेच चैनी! बिल थकले की २००३ च्या वीज कायद्याचे कलम ५६ आहेच: पंधरा दिवसांची लेखी नोटीस, आणि मग तोडणी. घरात कोणी यंत्रावर जगत आहे काय, असे विचारण्याची सक्ती त्या कलमात नाही.

न विचारल्याने काय होते ते जगाने पाहिलेले आहे. २००७ च्या मे महिन्यात न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरात १६८ डॉलरच्या थकबाकीसाठी मर्क्युरी एनर्जी या कंपनीच्या कंत्राटदाराने एका घराची वीज तोडली. आत प्राणवायूच्या यंत्रावर जगणारी चार मुलांची आई होती. काही तासांतच ती गेली. देश हादरला आणि अशा ग्राहकांची वीज तोडण्यासंबंधी तेथील नियम कडक करावे लागले. ऑस्ट्रेलियात जीवनरक्षक यंत्र असलेल्या घराची वीज कंपनीकडे नोंद होते व नोंद असेपर्यंत बिलापोटी वीज तोडता येत नाही. इंग्लंडमध्ये घरच्या यंत्राला लागलेल्या विजेचा खर्चही रुग्णाला परत मिळतो. ही काही समाजवादी राज्ये नव्हेत. भांडवलशाही देशांना जेवढी लाज वाटली, तेवढी आपल्या शासनाला वाटावी, एवढीच मागणी आहे.

यावर उत्तर तयार असते: असे रुग्ण मोजकेच आहेत, आणि ते शोधायचे कसे? मोजके आहेत हे न मोजताच कसे कळले? २० जुलै २०२१ रोजी राज्यसभेत केंद्र सरकारने सांगितले होते की प्राणवायूच्या अभावी मृत्यू झाल्याचे राज्यांनी विशेषत्वाने कळविलेले नाही. नोंदच नसेल तर मृत्यूही होत नाही, ही या देशातील कारभाराची जुनी युक्ती आहे. शोधण्याचे म्हणाल, तर आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन जो तक्ता भरते त्यात धाप लागते काय आणि स्वयंपाकाला कोणते इंधन वापरता, हे प्रश्न आधीच छापलेले आहेत. घरी प्राणवायू लावता काय, हा आणखी एक रकाना वाढविण्यास कोणती समिती नेमावी लागणार आहे? मात्र त्या कामाचा मोबदला आशांना वेगळा मिळाला पाहिजे. त्यांच्या पाठीवर आणखी एक फुकट ओझे टाकून कोणाची सोय करणे नको.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली व्हावयाचा असतो. अमरावती व अकोल्याच्या आराखड्यांत या रुग्णांची तालुकावार यादी हवी. ती फीडरच्या नावानिशी महावितरणकडे असावी, नियोजित खंडनाची सूचना आदल्या दिवशी घरी पोहोचावी, आणि यादीतील घराची वीज बिलापोटी तोडू नये. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात भरलेले सिलिंडर व योग्य रेग्युलेटर राखीव असावेत. यंत्रापुरती वीज शासनाने सोसावी. महात्मा फुले जनआरोग्य योजना ही इस्पितळात दाखल झालेल्याची योजना आहे. घरच्या प्राणवायूचा खर्च तिच्या कक्षेत आणावा लागेल.

शासन हलेपर्यंत कार्यकर्त्यांनी थांबण्याचे कारण नाही. आपापल्या वॉर्डात व गावात अशी घरे शोधावीत. सिलिंडर कोठे भरतो, रात्री गाडी कोणाची मिळेल, जवळच्या कोणत्या घरी इन्व्हर्टर आहे, हे कागदावर लिहून त्या घराच्या भिंतीला लावावे. सिलिंडरजवळ चूल, दिवा, बिडी नको हे निक्षून सांगावे. आणि धाप वाढली म्हणून घाबरून प्रवाह मनाने वाढवू नये हेही, कारण जुनाट दम्याच्या काही रुग्णांना जादा प्राणवायूच अपाय करतो. ही यादी मार्चअखेरपर्यंत पुरी करून, उन्हाळ्याचे भारनियमन व वादळे सुरू होण्यापूर्वी, एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना व एक महावितरणच्या अधीक्षक अभियंत्यांना शिष्टमंडळाने नेऊन द्यावी, आणि दोन्ही प्रतींवर तारखेसह पोच घ्यावी.