अंगातलं बळ, फोटोतला रंग



मार्च 2023 मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. पुरुषांची ही स्पर्धा 1961 पासून चालू होती. त्या मानाच्या कुस्तीपर्यंत पोचायला बायकांना साठहून अधिक वर्षं लागली. अंतिम लढतीत कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली.

पैलवान मुलगी जवळून पाहिली असेल तर तिचं अंग आठवा. रुंद खांदे, भरलेल्या मांड्या, जाड मान, घासून घासून मोडलेले कान. हे अंग वर्षानुवर्षांच्या मेहनतीतून येतं: पहाटेचे जोर, बैठका, दोरावर चढणं आणि वर दूध-तूप-बदामाचा खुराक. त्याच शहरात, कदाचित त्याच गल्लीत, तिच्याच वयाची दुसरी मुलगी अर्धी भाकरी ताटात टाकून उठते. सात दिवसांत पोट सपाट करून देणारा व्हिडिओ तिनं दुपारी पाहिलेला असतो. एका मुलीला तिचं अंग काय करू शकतं हे कुणीतरी सांगितलं आहे, दुसरीला ते कसं दिसतं एवढंच सांगितलं गेलं आहे. दुसरीला हे कोण सांगतं, कसं सांगतं आणि आपण त्याला किती हातभार लावतो, हा या दिवाळी अंकाचा विषय आहे.

बाईचं रूप घडवण्याचा अनुभव सांगली-साताऱ्याच्या या कृष्णाकाठाला जुना आहे. पलूस तालुक्यातलं नागठाणे हे बालगंधर्वांचं जन्मगाव. 1888 मध्ये जन्मलेले नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, 1905 मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. त्यांनी रंगभूमीवर उभी केलेली भामिनी, रुक्मिणी, सिंधू पाहून घरोघरच्या बायका लुगडं कसं नेसायचं, अंबाडा कसा घालायचा, गजरा कसा माळायचा हे शिकल्या. त्यांची कला थोरच होती. पण बायकांनी ज्या रूपाचा कित्ता गिरवला ते रूप कोणत्याही बाईच्या अंगावर वाढलेलं नव्हतं, ही गोष्ट लक्षात घ्यायला हवी. रंगभूषा, दागिने, दिव्यांचा प्रकाश आणि एका पुरुषाची विलक्षण प्रतिभा यांतून ते उभं राहिलं होतं. चार बाळंतपणं झालेल्या, चुलीपुढे बसून डोळे लाल झालेल्या बाईनं त्याच्याशी बरोबरी करायची तरी कशी? तरी तेव्हा नाटक कधीतरी संपत होतं आणि प्रेक्षक आपापल्या घरी जात होते. आज ते नाटक मोबाइलमधून उशाशी येऊन बसलं आहे.

याच भागात दुसरी वाटही निघाली होती. साताऱ्यातल्या औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला. संस्थानातल्या शाळांत मुलांबरोबर मुलींनाही नमस्कार घालायला लावले. त्यांच्या घरातल्या बायकाही नेमानं नमस्कार घालत. 1938 मध्ये लंडनच्या पत्रकार लुईझ मॉर्गन यांनी संपादित केलेलं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं आणि औंधचा व्यायाम परदेशी पोचला. बाळासाहेबांचा आग्रह होता तो निरोगी, काटक, काम करताना न थकणाऱ्या शरीराचा. तेच नमस्कार आज मोबाइलवर पोटाची चरबी उतरवण्याचा उपाय म्हणून विकले जातात. व्यायाम तोच आहे, हेतू मात्र बदलून टाकला आहे.

औंध संस्थानातल्याच किर्लोस्करवाडीतून शंकरराव किर्लोस्करांनी 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' आणि 1930 मध्ये 'स्त्री' मासिक सुरू केलं. नांगर आणि यंत्रं घडवणाऱ्या कारखान्याच्या गावातून बायकांचं मासिक निघत होतं. शिक्षण, विवाह, आरोग्य, कमाई यांवर त्यात बायका लिहीत होत्या आणि बायका वाचत होत्या. माध्यम म्हटलं की ते बिघडवणारंच असतं असं नाही, याचा हा आपल्या मातीतला पुरावा. अगदी अलीकडचा दाखला हवा असेल तर म्हसवडला जा. तिथे माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्र 2008 पासून चालतं. माणदेशातल्या बायका त्यावर बोलतात, गातात, शेतीची आणि पैशाची माहिती देतात. तिथे कुणाचा रंग दिसत नाही, कंबर दिसत नाही. ऐकू येतं ते बाईचं म्हणणं.

आता आपल्या ओळखीच्या जागी येऊ. सातारा असो की सांगली, कोणत्याही पेठेतल्या फोटो स्टुडिओत जा. स्थळासाठी फोटो काढायला मुलगी आलेली असते, सोबत आई किंवा मावशी. फोटो काढून झाल्यावर कॉम्प्युटरवर बसलेला मुलगा विचारतो, "थोडं उजळ करू ना?" त्यात वाईट हेतू नसतो, तो रोज तेच काम करतो. मुलगी काही बोलायच्या आत मावशी मान डोलावते. दोन मिनिटांत गालावरचा तीळ जातो, डोळ्यांखालची सावली जाते, दंड बारीक होतो. मग तो फोटो तिच्याच हातात देतात. तिनं यापुढे जसं दिसायला हवं त्याचा नमुना आता तिच्यापाशी कायमचा राहतो, आणि त्यात ती स्वतः नसते.

स्टुडिओत हे लग्नापुरतं होतं, फोनवर ते रोज होतं. फिल्टर त्वचा सपाट करतो, जबडा निमुळता करतो, डोळे मोठे करतो, रंग उजळवतो. फिल्टर नसला तरी हाताच्या अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक आहे त्याहून रुंद दिसतं, कारण कॅमेरा फार जवळ असतो. हे साधं कारण शाळेत कुणी सांगत नाही. मुलीला वाटतं, आपलं नाकच तसं आहे. वजन उतरवण्याचा एक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला की पाठोपाठ तसलेच दहा समोर येतात. 2021 मध्ये फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली. स्वतःच्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी 32 टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटतं असं सांगितल्याची नोंद त्यांत होती. कंपनीला हे माहीत होतं.

आपल्याकडे या दुखण्याला आणखी एक पदर आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी होतं. म्हणजे निम्म्याहून अधिक बायकांना जास्त आणि चांगलं खायची गरज आहे, आणि समोरचा पडदा त्यांना कमी खा म्हणतो. घरात सगळ्यात शेवटी जेवणाऱ्या बाईला उपाशी राहण्याचं आणखी एक कारण मिळतं. पूर्वी ते कारण उपासतापासाचं होतं, आता ते बारीक होण्याचं आहे.

गाजलेल्या मुलीही दिसण्याच्या या मोजमापातून सुटत नाहीत. सांगलीच्या माधवनगरमध्ये वाढलेल्या स्मृती मानधनानं 2013 मध्ये 19 वर्षांखालील सामन्यात गुजरातविरुद्ध 150 चेंडूंत नाबाद 224 धावा काढल्या. एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय स्त्री. पुढे ती जगातल्या अव्वल फलंदाजांत जाऊन बसली, तेव्हा बातम्यांनी तिला बिरुद कोणतं दिलं? 'नॅशनल क्रश'. तिचा कव्हर ड्राइव्ह बाजूला राहिला आणि तिचं हसू मथळ्यात आलं. विराट कोहलीच्या शतकाच्या बातमीत त्याच्या केसांची चर्चा आधी येत नाही. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. साताऱ्याच्या अदिती स्वामीनं 2023 मध्ये बर्लिनला, अवघ्या 17 व्या वर्षी, तिरंदाजीचं जगज्जेतेपद मिळवलं. या मुलींच्या पायांत, दंडांत, नजरेत काय आहे हे नीट सांगणारा मजकूर किती छापला गेला? आमच्या मुलींना हे पाय आणि हे दंड पाहायला मिळायला हवेत.

1909 मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'नं मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून दिवाळी अंक आणि मुखपृष्ठावरची सुंदर तरुणी हे नातं घट्टच होत गेलं. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांच्या कुंचल्यानं ते वैभवाला नेलं. त्या चित्रांवर आमचंही प्रेम आहे. तरीही यंदा आमच्या मुखपृष्ठावर चेहरा नाही, तालमीत सराव करणाऱ्या मुलीचे मातीनं भरलेले हात आहेत. आतल्या एकाही छायाचित्रात कुणाचा रंग उजळवलेला नाही, कुणाच्या सुरकुत्या पुसलेल्या नाहीत. गोरेपणाच्या आणि झटपट वजन उतरवण्याच्या जाहिराती आम्ही घेतल्या नाहीत. त्यामुळे पानं थोडी कमी झाली. ती पानं गेल्याचं आम्हाला दुःख नाही. उलट या निर्णयाला साथ देणारे दुकानदार, सहकारी संस्था आणि छापखान्याचे मित्र भेटले, त्यांचे मनापासून आभार. शाळकरी मुली, शिक्षिका, प्रशिक्षक, डॉक्टर आणि शेतावर राबणाऱ्या बायका यांनी या अंकासाठी लिहिलं, सांगितलं, त्यांचं ऋण मोठं आहे.

वाचकांकडे एक मागणं आहे. माध्यमांची भाषा आपल्या तोंडून घराघरांत पोचते. दिवाळीला माहेरी आलेल्या लेकीला, भाऊबीजेला आलेल्या बहिणीला आपण दारातच म्हणतो, "किती जाड झालीस गं!" किंवा "वाळलीस किती!" प्रेमानंच म्हणतो, पण पडद्यावरची मापाची फूटपट्टी तेवढ्यानं घरातही लागू होते. यंदा हे वाक्य मागे घेऊ या. तिला विचारू या, वर्षभरात नवीन काय शिकलीस, कशात रमतेस, दमतेस का, झोप पुरते का. मुलाला जेवढं वाढतो तेवढंच मुलीला वाढू या, आणि तिनं दुसऱ्यांदा करंजी मागितली तर कौतुकानं वाढू या. अभ्यंगस्नानाचं तेल-उटणं घरातल्या सगळ्यांच्या अंगाला लागतं, म्हाताऱ्यांच्या आणि तान्ह्यांच्याही. देहाची निगा राखणं ही सगळ्यांची गोष्ट आहे, आणि ती प्रेमानं करायची असते. मुलींना त्यांच्या देहाविषयी एवढं जरी आपल्याकडून मिळालं, तरी पडद्याशी झुंजायला त्यांच्या हाती काहीतरी असेल.



– संपादक