आधी गणपती, मग ऑपरेशन?

मैत्रिणींनो, आपल्या रत्नागिरीकडे बाईच्या दुखण्याला सवड म्हणून नसते. आंब्याचा सीझन, मग भातलावणी, मग गणपती! जिना चढताना धाप लागते, छातीत दडपण येतं, तरी ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून ओवा चघळून ती कामाला लागते. बायकांमध्ये हार्ट अ‍ॅटॅक कधी कधी छातीत न दुखताही येतो. धाप, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, कमालीचा थकवा, एवढंच जाणवतं. अचानक असं झालं तर वाट न बघता १०८ ला फोन करायला हवा.

महिला मंडळाच्या कामात मी पाहते, नवऱ्याला हृदयाचं ऑपरेशन सांगितलं की घर लगेच मुंबईला किंवा कोल्हापूरला निघतं. बाईला सांगितलं की तारीख पुढे जाते. यात पैशाइतकीच भीतीही असते, आणि ती माहितीनेच कमी होते.

अँजिओप्लास्टीत छाती उघडत नाहीत. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून अडलेली रक्तवाहिनी फुग्याने मोकळी करतात, स्टेंट बसवतात. पुष्कळ पेशंट दोन-तीन दिवसांत घरी येतात. मात्र रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत.

बायपासमध्ये पायातली किंवा छातीतली रक्तवाहिनी वापरून अडथळ्याला वळसा देतात. घाटात दरड कोसळली की पर्यायी रस्ता काढतात तसा. छातीचं मधलं हाड कापून नंतर तारेने जोडतात. शुद्धीवर येताना घशात नळी असते, बोलता येत नाही. हे आधी माहीत असलं की घाबरायला होत नाही. एक-दोन दिवस आयसीयू, एकूण साधारण आठवडाभर हॉस्पिटल.

तिसरं ऑपरेशन झडपेचं. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप खराब होते. हे दुखणं बायकांत जास्त, आणि पुष्कळदा गरोदरपणातच उघडकीला येतं. यांत्रिक झडप टिकाऊ, पण जन्मभर गोळी आणि नियमित रक्ततपासणी. प्राण्याच्या ऊतीपासून केलेल्या झडपेला ती गोळी सहसा कायमची लागत नाही, पण काही वर्षांनी ती बदलावी लागू शकते. पुढे मूल हवं असेल तर कोणती झडप बसवायची, हे ऑपरेशनआधीच विचारा, कारण त्या गोळीचा गर्भावर परिणाम होऊ शकतो.

खर्चाचं म्हणाल तर २०१२ साली सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या जन आरोग्य योजनेत हृदयाची अनेक ऑपरेशन्स येतात. योजनेतल्या हॉस्पिटलात ‘आरोग्यमित्र’ असतो. रेशन कार्ड, आधार कार्ड घेऊन आधी त्याला भेटा.

खरी परीक्षा घरी आल्यावर. पुरुष बायपास करून आला की पाण्याचा पेलाही हातात मिळतो. बाई मात्र पंधराव्या दिवशी कळशी उचलते. छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर हंडा-कळशी, पाट्यावरचं वाटण, धुणं पिळणं, नातवाला कडेवर घेणं बंद! झोप न लागणं, उगाच रडू येणं हेही होतं. त्याला नाटक म्हणू नका. ऑपरेशनने मूळ आजार जात नाही, म्हणून मिश्री कायमची सोडायची आणि प्रेशर-शुगरची तपासणी चालू ठेवायची.

घरच्यांनो, गणपती दरवर्षी येतात. डॉक्टरांनी दिलेली तारीख मात्र त्यांच्यासाठी पुढे ढकलू नका. आणि बायांनो, तुम्हीही ढकलू देऊ नका.